विश्लेषण : मोठ्यांच्या कुटुंबाची उन्हाळी सहल; आधी ठिकाण की आधी हिशेब?

एप्रिल उजाडला की घरोघरी एकच प्रश्न येतो, ‘यंदा कुठे जायचे?’ घरात लहान मुले असतील तर उत्तर शाळेच्या सुट्टीवर ठरते. पण मुले मोठी होऊन नोकरीला लागली आहेत, वडील निवृत्त झाले आहेत आणि आजीही सोबत आहे, अशा घरांची संख्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही मोठी आहे. या घरांत सगळे प्रौढ असतात. तरीही सहलीचा बेत मात्र दहा वर्षांपूर्वीच्याच पद्धतीने ठरतो : मे महिना, थंड हवेचे ठिकाण, एक गाडी आणि जमेल तितके ‘पॉइंट’. मग खर्चाचा आकडा पाहून बेत रद्द होतो, किंवा कोणीतरी गुपचूप क्रेडिट कार्डावर भार घेतो. प्रौढांच्या कुटुंबाचा हिशेब वेगळा असतो. तो आधी मांडला तर परवडणारे ठिकाण सापडते.

मोठ्यांची सहल महाग का पडते?

पहिले कारण तिकिटाचे. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी बर्थ नको असेल तर अर्धे तिकीट पुरते. मुले मोठी झाली की ही सवलत संपते. ज्येष्ठांच्या तिकिटावरची सवलतही आता नाही. ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के सवलत मिळत असे, ती रेल्वेने मार्च २०२० मध्ये थांबवली. म्हणजे पाच प्रौढांच्या घराला रेल्वेची पाच पूर्ण तिकिटे काढावी लागतात.

दुसरे कारण खोल्यांचे आणि ते तिकिटाहून मोठे. आईवडील आणि दोन लहान मुले एका खोलीत जादा गादी टाकून झोपतात. पंचविशीतली मुलगी, तिशीकडे झुकलेला मुलगा, आईवडील आणि आजी एका खोलीत राहू शकत नाहीत. दोन खोल्या तर लागतातच, नीट झोप हवी असेल तर तीन. समजा एका खोलीचे भाडे २,५०० रुपये आहे. लहान मुलांच्या कुटुंबाला तीन रात्रींचे ७,५०० रुपये पडतात, प्रौढांच्या कुटुंबाला तीन खोल्यांचे २२,५००. त्यामुळे ‘आणखी एक रात्र राहू’ हे वाक्य या घराला तिप्पट महाग पडते.

तिसरे कारण गाडीचे. पाच मोठी माणसे आणि त्यांचे सामान साध्या मोटारीत मावते, पण सहा-सात तासांचा घाट पार करताना मागच्या सीटवर मधे बसलेल्याचे हाल होतात. म्हणून सात आसनी गाडी भाड्याने ठरते. बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी दिवसाला २५० ते ३०० किलोमीटरचे किमान अंतर धरले जाते, चालकाचा भत्ता वेगळा. समुद्रकाठच्या गावात दोन दिवस गाडी अंगणात उभी राहिली तरी त्या दिवसांचे किमान भाडे द्यावेच लागते.

मग स्वस्त पडण्यासारखे काही आहे का?

आहे, आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रौढांच्या घराला शाळेचे वेळापत्रक पाळावे लागत नाही. महाराष्ट्रातील शाळांची सुट्टी साधारण मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत असते, विदर्भात आणखी थोडी लांबते. या सहा आठवड्यांत महाबळेश्वर, माथेरान, गणपतीपुळे, तारकर्ली अशा ठिकाणी मुलांच्या कुटुंबांची गर्दी असते आणि भाडी चढलेली असतात. ज्या घरात शाळेत जाणारे कोणी नाही, त्यानेही याच गर्दीत शिरून चढे भाडे का द्यावे? याचे उत्तर बहुतेक वेळा ‘सवय’ एवढेच असते.

या घरांना तीन फटी उपलब्ध असतात. पहिली, एप्रिलचे पहिले तीन आठवडे, जोडून आलेल्या सुट्ट्या वगळून. दहावी-बारावीच्या परीक्षा तेव्हा संपलेल्या असतात, बाकी शाळांच्या परीक्षा सुरू असतात. दुसरी, जूनच्या मध्यानंतरचे दिवस. शाळा भरलेल्या असतात आणि पावसाने डोंगर हिरवे होऊ लागलेले असतात. तिसरी फट मे महिन्यातच आहे, रविवार दुपार ते गुरुवार. शनिवार-रविवारची गर्दी उतरलेली असते आणि घरगुती निवास चालवणारे लोक या दिवसांच्या भाड्याबाबत बोलायला तयार असतात. मुलगा किंवा मुलगी कार्यालयातून तीन दिवसांची रजा घेणारच असेल, तर ती शुक्रवार-सोमवारऐवजी सोमवार-बुधवार घेतल्याने बराच फरक पडतो.

जूनच्या बेताला मात्र पावसाची जोखीम असते. मान्सून मुंबईत साधारण ११ जूनच्या आसपास पोहोचतो, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला होता. पावसात समुद्रात उतरता येत नाही, किल्ल्यांकडे जाणाऱ्या बोटी आणि जलक्रीडा बंद असतात, मासेमारीही बंद असते. जूनमध्ये कोकणात जाणाऱ्याने समुद्र पाहायला जावे, समुद्रात खेळायला नव्हे. ताज्या मासळीच्या आशेने तर मुळीच जाऊ नये.

प्रवास रेल्वेने, एसटीने की गाडीने?

राज्यातल्या राज्यात जायचे असेल तर प्रौढांच्या कुटुंबाला एसटीसारखा दुसरा आधार नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे तिकीट आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांना निम्मे तिकीट आहे. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत आणि वयाचा पुरावा सोबत लागतो.

आता समजा, पुण्यातले एक कुटुंब आहे. आजी ७८ वर्षांच्या, वडील ६६, आई ६०, मुलगा २९ आणि मुलगी २५. आजींचे तिकीट शून्य. वडील, आई आणि मुलगी यांची अर्धी-अर्धी, म्हणजे दीड. मुलाचे एक पूर्ण. पाच माणसे अडीच तिकिटांत जातात. रेल्वेने याच पाच जणांना पाच तिकिटे लागली असती. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले, तरी हे गणित बदललेले नाही. फिरते बेत आखणाऱ्यांसाठी ‘आवडेल तेथे प्रवास’ या योजनेचे चार आणि सात दिवसांचे पासही महामंडळ देते. पण ज्यांना आधीच निम्मी किंवा पूर्ण सवलत आहे, त्यांनी पास घेण्याआधी सुट्या तिकिटांची बेरीज करून पाहावी. घरात पूर्ण तिकीट फक्त मुलाचे असेल, तर पासचा विचारही त्याच्यापुरताच करावा.

एसटीचा तोटाही सांगितला पाहिजे. सात-आठ तास बसून जाणे ७८ वर्षांच्या गुडघ्यांना झेपतेच असे नाही. मधल्या थांब्यांवरची स्वच्छतागृहे हा तर महिलांचा कायमचा त्रास. म्हणून चार-पाच तासांच्या आतले ठिकाण असेल तर एसटी आणि त्याहून लांब असेल तर रेल्वे, असा साधा नियम ठेवावा. रेल्वेत ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. तिकीट काढताना त्याचा पर्याय निवडावा लागतो.

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. त्यामुळे ‘जानेवारीतच मेची तिकिटे काढून ठेवू’ हा जुना मार्ग बंद झाला आहे. पण प्रौढांच्या घराला याचा एक फायदाही झाला. चार महिने आधी कोणाच्याच रजेची खात्री नसते, दोन महिने आधी ती असू शकते. मात्र ऑनलाइन काढलेले प्रतीक्षा यादीतले तिकीट तक्ता तयार होईपर्यंत पक्के झाले नाही तर आपोआप रद्द होते. पाचांपैकी तिघांचे पक्के आणि दोघांचे प्रतीक्षेत, अशी वेळ आली तर एसटीचा पर्याय तयार असावा. तत्काळच्या भरवशावर आजींना घेऊन निघू नये.

स्थानिक फिरण्यासाठी संपूर्ण सहलभर गाडी ठेवण्यापेक्षा, मुक्कामाच्या गावातून एका दिवसापुरती गाडी ठरवणे स्वस्त पडते. ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्यांनाच विचारले तर ओळखीचा चालक मिळतो आणि चार दिवसांचे किमान किलोमीटर भरावे लागत नाहीत.

थंड हवेचे ठिकाण खरेच थंड असते का?

उंची वाढली की तापमान उतरते, साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सियसने. एवढा एक नियम लक्षात ठेवला तर जाहिरातींपेक्षा बरीच खरी माहिती हाती लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. फरक जवळपास ८०० मीटरचा, म्हणजे पुण्याहून महाबळेश्वर साधारण पाच अंशांनी थंड. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे. अमरावतीत पारा ४४ वर असताना चिखलदऱ्यात दुपारी ३९ च्या आसपास असणार. तिथली संध्याकाळ आणि रात्र सुखाची असते, दुपार नव्हे. माथेरान सुमारे ८०० मीटरवर. तिथला गारवा उंचीपेक्षा दाट सावलीचा अधिक आहे.

कोकणाचे उलटे. तिथे पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, पण दमटपणामुळे घामाच्या धारा लागतात. पहाटे आणि संध्याकाळी समुद्र, दुपारी पंख्याखाली झोप, असा दिवस ज्यांना चालतो त्यांच्यासाठी कोकण आहे. ज्यांना दुपारीही हिंडायचे आहे त्यांच्यासाठी नाही. हे आधी समजले तर ‘एवढे पैसे घालून इथे घामच गाळायचा का’ हा वाद टळतो.

हिमाचल किंवा काश्मीर का नको?

खरा गारवा तिथेच आहे, हे मान्यच. पण पुण्याहून किंवा मुंबईहून मनालीला जायचे तर दिल्ली किंवा चंडीगढपर्यंत रेल्वेचा एक संपूर्ण दिवस आणि पुढे बसची एक रात्र जाते. येतानाही तेच. आठ दिवसांच्या रजेतले चार प्रवासात जातात. विमानाने वेळ वाचतो, पण मे महिन्यात पाच प्रौढांची जाण्या-येण्याची दहा तिकिटे हा भाग मध्यमवर्गीय घराचे अंदाजपत्रक एकट्यानेच खाऊन टाकतो. उत्तराखंडात याच दिवसांत चारधाम यात्रेची गर्दी असते. निलगिरीत तर गर्दीमुळे मे २०२४ पासून बाहेरच्या वाहनांना ई-पास घ्यावा लागतो.

‘आयुष्यात एकदा तरी काश्मीर’ ही इच्छा खोटी नाही आणि आजींच्या वयाकडे पाहता ती पुढे ढकलणेही सोपे नाही. पण ज्या घरात शाळेचे बंधन नाही, त्या घराने ही आयुष्यात एकदाची सहल मे महिन्यात करण्याचे काहीच कारण नाही. सप्टेंबरचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबरचा आरंभ, दिवाळीच्या सुट्ट्या वगळून, यासाठी अधिक चांगला. मोठी इच्छा असेल तर तिच्यासाठी सहा महिने पैसे साठवावेत आणि उन्हाळ्यात जवळ जावे. दोन्ही एकाच मेमध्ये बसवू पाहणारे घर बहुधा दोन्हींना मुकते.

मग जवळची ठिकाणे कोणती?

मुंबई-पुण्याच्या कुटुंबांसाठी पहिला पर्याय कोकणातली लहान गावे. गणपतीपुळे, तारकर्ली यांच्या नावावर गर्दी जाते, पण गुहागर, वेळणेश्वर, दापोलीजवळचे कर्दे किंवा आंजर्ले, देवगडजवळचे कुणकेश्वर, वेंगुर्ला इथेही तोच समुद्र आहे. चिपळूणला रेल्वेने उतरून गुहागरला जाता येते, कुडाळला उतरून मालवण किंवा वेंगुर्ल्याला. अक्षय तृतीयेनंतर हापूस उतरतो, बाजारात स्वस्तही होतो. सोबत करवंदे, जांभळे, फणस. आजीला कुठल्याही ‘पॉइंट’पेक्षा याचेच अप्रूप असण्याची शक्यता जास्त.

दुसरा पर्याय भंडारदरा. इगतपुरी स्थानकापासून जवळ, धरणाचा जलाशय, समोर कळसूबाईची रांग आणि मेअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत रात्री झाडांवर लखलखणारे काजवे. काजवे पाहायला शनिवारी जाऊ नये. तेव्हा काजव्यांपेक्षा मोटारींचे दिवे जास्त दिसतात. हाच आनंद मंगळवारी निम्म्या गर्दीत मिळतो, आणि मंगळवारी जाऊ शकते ते प्रौढांचेच कुटुंब.

विदर्भासाठी चिखलदरा आणि राज्याची सीमा ओलांडायची तयारी असेल तर मध्य प्रदेशातील पचमढी. इटारसी-जबलपूर मार्गावरच्या पिपरिया स्थानकावर उतरून रस्त्याने साधारण ५० किलोमीटर. उंची सुमारे १,०७० मीटर. मात्र तिथली अनेक स्थळे जंगलात असल्याने जिप्सी गाडी ठरवावी लागते, तो खर्च आधी विचारून घ्यावा. खानदेशासाठी सातपुड्यातील तोरणमाळ. यशवंत तलाव, मोकळी हवा, दुकाने फारशी नाहीत. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे ‘तिथून काम करतो’ म्हणणाऱ्या मुलाने आधी चौकशी करावी. कोल्हापूर-सांगलीसाठी पन्हाळा आणि आंबोली. मराठवाड्यातील कुटुंबांना म्हैसमाळ आणि वेरूळ हा दोन दिवसांचा बेत परवडतो.

माथेरानबाबत एक सूचना. दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. पुढे चालणे, घोडा, मोजक्या ई-रिक्षा किंवा अमन लॉजहून सुटणारी छोट्या रेल्वेची फेरी. तरुणांना यातच गंमत वाटते, गुडघे दुखणाऱ्याला नाही. ठिकाण सुंदर आहे की नाही, याआधी ते घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला झेपते का, हे पाहावे.

राहायचे कुठे?

तीन वेगळ्या खोल्यांपेक्षा दोन-तीन खोल्यांचे अख्खे घर प्रौढांच्या कुटुंबाला स्वस्त पडू शकते. पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदलेली घरे कोकणात अनेक गावांत आहेत. महामंडळाची स्वतःची निवासस्थाने महाबळेश्वर, माथेरान, गणपतीपुळे, तारकर्ली, भंडारदरा, चिखलदरा इथे आहेत. त्यांच्या जागा बहुतेक ठिकाणी मोक्याच्या आहेत, पण खोल्या लवकर भरतात.

खोलीचा दर विचारताना तो करासह की कराशिवाय, हे स्पष्ट विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पूर्वी तो १२ टक्के होता. कोणी अजूनही १२ टक्के लावत असेल तर बिल मागावे.

स्वयंपाकघरासह घर घेऊन जेवणाचा खर्च वाचवण्याची युक्ती अनेक घरांत निघते. इथे एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : स्वयंपाक कोण करणार? उत्तर ‘आईच’ असेल, तर ती बचत नव्हे. सहलीचा खर्च कमी झाला नाही, तो फक्त एका माणसाच्या अंगावर टाकला गेला. वर्षभर ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या बाईने सुट्टीतही परक्या गॅसवर कुकर लावायचा आणि बाकीच्यांनी समुद्र पाहायचा, हा बेत स्वस्त असला तरी न्याय्य नाही. घरगुती निवासात यजमानांकडची ताटे सांगावीत. चहा, न्याहारी मुलांनी करावी. ते जमत नसेल तर एक रात्र कमी करावी, पण आईची सुट्टी कमी करू नये.

आगाऊ पैसे भरताना सावधगिरी हवी. नामांकित निवासस्थानांच्या नावाने बनावट संकेतस्थळे आणि खोटे मोबाइल क्रमांक इंटरनेटवर सापडतात. पूर्ण रक्कम यूपीआयने मागणाऱ्याला थोडा अविश्वासच दाखवावा. थोडी रक्कम आगाऊ, रद्द केल्यास किती परत मिळणार हे संदेशातून लेखी आणि बाकी पैसे पोहोचल्यावर, ही रीत बरी. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

४० हजारांत पाच जणांचे गणित कसे बसते?

वरच्याच कुटुंबाचे उदाहरण घेऊ. तीन रात्री, चार दिवस, कोकणातले एक गाव, आठवड्याच्या मधले दिवस. आकडे गृहीत आहेत, पण मांडणी कोणत्याही घराला वापरता येईल. अख्खे घर दिवसाला ६,००० रुपये, तीन रात्रींचे १८,०००. दोन वेळचे ताट २५० रुपयांप्रमाणे आणि चहा-न्याहारीचे १५०, म्हणजे माणशी दिवसाला ६५०. पाच जणांचे चार दिवसांचे १३,०००. एसटीचे एका बाजूचे पूर्ण तिकीट ४५० धरले तर अडीच तिकिटांचे जाऊन-येऊन २,२५०. एक दिवसाची स्थानिक गाडी ३,०००. बेरीज ३६,२५०. उरलेले ३,७५० रुपये औषध, रिक्षा आणि आंब्याच्या पेटीसाठी.

याच हिशेबात एसटीऐवजी चार दिवसांची सात आसनी गाडी घातली, किंवा अख्ख्या घराऐवजी तीन खोल्या, तर ४० हजारांची मर्यादा लगेच ओलांडली जाते. तीन खोल्यांच्या २२,५०० रुपयांनीच बेरीज ४०,७५० वर जाते. ठिकाण तेच, दिवस तेच. महाग-स्वस्त ठरवणारी गोष्ट ठिकाणापेक्षा अनेकदा ही निवड असते.

ठरवायचे कोणी आणि पैसे कोणाचे?

आर्थिक हिशेबापेक्षा अवघड भाग हा आहे. लहान मुलांच्या घरात आईवडील ठरवतात आणि मुले जातात. प्रौढांच्या घरात पाच जणांना मत असते, पण बोलतात दोघेच. आई म्हणते, ‘मला कुठेही चालेल.’ आजी म्हणते, ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.’ वडिलांना निवृत्तिवेतनातून किती खर्च करता येईल हे मुलांसमोर सांगणे जड जाते. मुलाच्या गृहकर्जाचा हप्ता मुलीला माहीत नसतो. मग जो सर्वांत मोठ्याने बोलतो त्याच्या आवडीचे ठिकाण ठरते आणि जो सर्वांत संकोची असतो त्याच्या खिशाला किंवा गुडघ्याला ते सोसावे लागते.

यावर उपाय साधा आहे. ‘कुठे जायचे आहे’ असे विचारण्याऐवजी प्रत्येकाला ‘काय नको’ असे विचारावे आणि प्रत्येकाला एकच नकार द्यावा. आजीला पायऱ्या आणि भारतीय पद्धतीचे शौचालय नको. आईला स्वयंपाक नको. वडिलांना रात्रभर बसून प्रवास नको. मुलाला तीनपेक्षा जास्त दिवसांची रजा नको. मुलीला सामायिक न्हाणीघर नको. या पाच नकारांतून जे उरते, तेच त्या घराचे ठिकाण. ‘हवे’ची यादी वाढत जाते आणि वाद वाढवते. ‘नको’ची यादी ठिकाणे गाळत जाते.

पैशांबाबतही समान वाटणी म्हणजे न्याय नव्हे. नुकती नोकरीला लागलेली मुलगी आणि दहा वर्षे कमावणारा मुलगा यांनी सारखाच वाटा उचलणे हे कागदावर बरोबर दिसते, प्रत्यक्षात नाही. ज्याला जितके जमेल तितके त्याने कुटुंबातल्या एका विश्वासू व्यक्तीला कळवावे, एकूण आकडा तिने सर्वांसमोर ठेवावा आणि बेत त्या आकड्याच्या आत बसवावा. आकडा २० हजार निघाला तर एक रात्र आणि दोन दिवस जावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज कर्ज काढून हसऱ्या चेहऱ्याने फोटो काढण्यात आहे.

निष्कर्ष काय?

क्रम उलटा करावा, एवढाच. आधी एकूण रक्कम, मग तारखा, मग नकारांची यादी, मग खोल्या आणि प्रवास, आणि सर्वांत शेवटी ठिकाण. या क्रमाने गेले तर नकाशावरची बहुतेक नावे आपोआप गळतात आणि उरलेल्या दोन-तीनांत निवड सोपी होते.

सरकारनेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एसटीच्या सवलतींनी ज्येष्ठ आणि महिलांना घराबाहेर काढले आहे. पण स्थानकावर स्वच्छ स्वच्छतागृह, बसायला बाक आणि प्यायला पाणी नसेल, तर मोफत तिकीट असूनही आजी घर सांभाळायलाच मागे राहतील. राज्यातले पर्यटन वाढवण्यासाठी समुद्रकाठच्या नव्या प्रकल्पांइतकीच आगारांची डागडुजीही गरजेची आहे.

राहिला प्रश्न, एवढा खटाटोप करायचा कशाला? मुलीचे लग्न होते, मुलाची बदली होते, आजींचे वय वाढते. सगळे पाचही जण एकत्र निघू शकतील असे उन्हाळे कोणत्याही घराच्या वाट्याला मोजकेच येतात. ‘पुढच्या वर्षी मोठी सहल करू’ म्हणून यंदाची लहान सहल सोडणारे घर त्यातला एक उन्हाळा कमी करते. महाग ठिकाणे पुढेही तिथेच असतील. आजी सोबत असण्याची खात्री मात्र कोणालाही देता येत नाही.